पाहिल्याचा दिनांक

जुळे सोलापूर
८ जानेवारी २०२५

मावशी,

नमस्कार केला असं समज, आणि पत्र बघून घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. फोनवर हे बोलणं जमत नाही म्हणून लिहितेय. तुला फोन केला की काका शेजारून "स्पीकर लाव" म्हणतात, आणि मग मी काय जेवले आणि सोलापुरात ऊन किती, यापुढे आपलं बोलणं सरकत नाही.

माझी पीएचडी तुला माहीत आहे. तू तिला 'ते तुझं न संपणारं' म्हणतेस. विषय पुन्हा सांगते. आपल्याकडच्या लहान गावांत घडणाऱ्या प्रेमाच्या रहस्यकथा, ज्या आता छापून येत नाहीत, लोक इंटरनेटवर लिहितात आणि मोबाइलवर वाचतात. अशा चाळीसेक कथा मी वाचल्या. अर्ध्यांमध्ये नायकच खुनी निघतो आणि उरलेल्या अर्ध्यांमध्ये नायकाचा जुळा भाऊ. पण एक अशी सापडली की, आईने जेवायला तीनदा हाक मारली ती मला ऐकूच आली नाही.

तिचं नाव 'गुरुवारचं पार्सल'. लिहिणारीचं नाव 'शेवंती', म्हणजे अर्थातच टोपणनाव. सातपिंपळ नावाचं एक काल्पनिक गाव, तिथला एसटी स्टँड. शाळेत क्लार्क असलेली अंकिता. लग्नाला चार दिवस उरलेले असताना तिचा होणारा नवरा अमृत नाहीसा होतो. वर्षभरानंतर दर गुरुवारी स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये तिच्या नावाचं पार्सल येऊन पडायला लागतं. कधी त्यात तिचीच हरवलेली छत्री असते, कधी अमृतच्या शर्टाचं बटण. कोण ठेवतं ते कुणी पाहिलेलं नाही. ब्लॉगवर दर गुरुवारी एक भाग येतो. एकोणीस भाग झालेत.

आता अडचण ऐक. माझे गाइड सिद्धराम सर इंटरनेटवरच्या मजकुराबाबत फार कडक आहेत. संदर्भ द्यायचा तर लेखकाचं नाव, शीर्षक, भाग, ब्लॉगचा पत्ता, तो मजकूर टाकल्याचा दिनांक आणि आपण पाहिल्याचा दिनांक, सगळं हवं. टोपणनाव चालेल, पण मग त्या माणसाचं सही केलेलं संमतिपत्र लागतं, की हे लेखन माझं आहे आणि वापरायला माझी हरकत नाही. ब्लॉगवर ना पत्ता, ना फोन. मी निरोप टाकला, त्याला उत्तर नाही. एकतीस मार्चला प्रबंध द्यायचाय आणि शेवंतीवरचं प्रकरण त्यातलं सगळ्यांत मोठं आहे. ते गेलं तर माझ्याकडे फक्त जुळे भाऊ उरतात.

म्हणून तुला साकडं घालतेय. तो स्टँड नातेपुत्याचाच आहे याची मला खात्री आहे. केबिनच्या खिडकीची फुटकी काच आणि तिला लावलेला कॅलेंडरचा पुठ्ठा मी लहानपणी काकांच्या केबिनमध्ये बसून पाहिलाय. गावात जरा विचारून बघ, कोण लिहितं. काकांना मात्र विचारू नकोस, ते रिटायर झाले असले तरी स्टँडवर जाऊन पुकारतील.

तुझी
उत्कर्षा

ता. क. बाई सापडल्या तर त्यांना एक सांग. सातव्या भागात अमृतच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, चौदाव्या भागात तो उजव्या भुवईवर गेलाय. हे मी अजून सरांनाही सांगितलेलं नाही. ते लगेच त्यावर दोन पानं लिहायला लावतील.


नातेपुते
१३ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून द्यायला नकोत.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा तुझे काका म्हणाले, "आता कुनाचं पत्र आलं बाई?" मी म्हटलं, उत्कर्षाचं, अभ्यासाचं आहे. अभ्यासाचं म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

मी असलं काही वाचत नाही. मला वेळ कुठे असतो? दिग्विजय पुण्याला गेल्यापासून घरात दोनच माणसं, पण काम चार माणसांचंच राहिलंय. तुझे काका रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, घरात मदत होईल. झालं उलटंच. पूर्वी स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळायचे, आता माझ्या सांभाळतात. दूध तापायला दहा मिनिटं का लागली, भाजीवाली साडेआठची नऊला का आली. दुपारी दोन ते चार तेवढं डोळ्यावर पंचा टाकून झोपतात, तेव्हा घर माझं असतं. हे पत्रही त्या वेळेतच लिहितेय.

गावात विचारते, पण मला वाटतं लिहिणारा पुरुषच असणार. बाईचं नाव लावलं की लोक वाचतात. ग्रंथालयात तानाबाई आहे, तिला सगळ्या गावाचं माहीत असतं. तिला विचारून बघेन. आशा ठेवू नकोस.

सरांना ती गोष्ट कशी वाटली ग? सहज विचारते. आणि तुला काय वाटतं, पार्सल अमृतच ठेवत असेल का? एवढं तू लिहिलंयस म्हणून उत्सुकता.

आणि तो पाहिल्याचा दिनांक कशाला लागतो? पुस्तकाला कुणी विचारतं का, तू मला कोणत्या तारखेला वाचलंस म्हणून?

तुझी
मावशी


जुळे सोलापूर
२० जानेवारी २०२५

मावशी,

सापडलीस. चोर सापडला नाही, पण चोराला ओळखणारी सापडली!

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. पुस्तक एकदा छापलं की छापलं. इंटरनेटवरचा मजकूर लिहिणारा केव्हाही बदलू शकतो, काढूनही टाकू शकतो. म्हणून आपण सांगायचं की, अमुक तारखेला मी पाहिलं तेव्हा तिथे हे होतं. सर म्हणतात, तेवढाच आपला पुरावा. त्यामुळे मी प्रत्येक भागाची प्रिंट काढते, वर तारीख आणि वेळ घालते, खाली आलेल्या कमेंटसकट. घरात आता गाद्यांपेक्षा कागद जास्त झालेत असं आई म्हणते.

तर ८ जानेवारीच्या माझ्या प्रिंटमध्ये चौदाव्या भागात व्रण उजव्या भुवईवर आहे. परवा, १८ तारखेला, पुन्हा पाहिलं तर तो गुपचूप डावीकडे आलाय. व्रणाबद्दल मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं. मावशी, तू जाऊन त्या बाईंना सांगितलंस! म्हणजे तू त्यांना ओळखतेस, आणि मला मात्र 'लिहिणारा पुरुषच असणार' म्हणून वाटेला लावतेस. तानाबाई आहेत का त्या? ग्रंथालयात बसून असं लिहिता येईल खरं.

सरांना गोष्ट इतकी आवडली की सव्विसाव्या, म्हणजे शेवटच्या भागापर्यंत धीर धरवत नाही म्हणाले. माझं मत विचारशील तर पार्सल अमृत ठेवत नाही. अमृतला छत्रीचं काय कौतुक? ठेवणारं माणूस कुणीतरी रोज समोर दिसणारं आहे, आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नाही.

सरांना अजून एक गोष्ट आवडली, ती म्हणजे कमेंट. प्रत्येक भागाखाली 'नित्यप्रवासी' नावाच्या एका गृहस्थांची एक तरी कमेंट असतेच. तिसऱ्या भागाखाली लिहिलंय, "गाडी फलाटावर लागण्यापूर्वी नियंत्रक दोनदा पुकारतो, एकदा नव्हे. बाकी भाग बरा." आठव्याखाली, "सहा चाळीसची गाडी मुक्कामी असते, ती सकाळशिवाय परतत नाही. मग नाहीसा होण्याआधीच्या त्या फेरीत अमृत त्याच दिवशी परत आला कसा?" पुढच्याच भागात बाईंनी अमृतला उसाच्या ट्रकमधून परत आणलं, बघ! पण गृहस्थ हळूहळू पाघळत गेलेत. तेराव्या भागाखाली म्हणतात, "अंकिताने पार्सल उघडायला नको होतं. उघडलं ते बरं केलं." असा वाचक माझ्या नशिबी आला तर मी प्रबंध त्यालाच अर्पण करीन.

सोबत संमतिपत्राचा कोरा कागद पाठवतेय. बाईंकडून सही घेऊन दे. टोपणनावच राहील, खरं नाव फक्त विद्यापीठाच्या फाइलमध्ये जाईल.

उत्कर्षा


नातेपुते
२८ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा,

बरं, ओळखते मी तिला. तानाबाई नव्हे. नाव सांगणार नाही, विचारू नकोस. ती सही करणार नाही. फाइलमधलं नाव बाहेर यायला एक शिपाई पुरतो.

का नाही, तेही सांगते, म्हणजे तू पुन्हा पुन्हा लिहिणार नाहीस. तिने पूर्वी एक गोष्ट लिहिली होती. १९९४ साली अकलूजहून निघालेल्या एका दिवाळी अंकात ती छापून आली. 'सव्वासातची म्हसवड' असं नाव. मे महिन्यातल्या एका रविवारी एक बाई कुणाला न सांगता सकाळी सव्वासातच्या म्हसवडच्या गाडीने निघून जाते, एवढीच गोष्ट. चोवीस वर्षांची होती तेव्हा ही. अंक घरी आला त्या संध्याकाळी नवऱ्याचे नोकरीतले पाच-सहा मित्र चहाला आलेले. नवऱ्याला कौतुक वाटलं असेल, त्याने अंक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ही आत चहा गाळत ऐकत होती. आनंदाच्या भरात साखर दोनदा घातली म्हणते. रविवारच्या गाडीपाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "आयतवारी ही गाडीच न्हाय की! मग बाई गेली कशानं, पायी?" सगळे हसले. तोही हसला. पुढची गोष्ट कुणी वाचली नाही. नंतर सहा महिने ते लोक तिला 'पायी गेलेली बाई' म्हणायचे, अगदी प्रेमाने.

त्यानंतर तिने तीस वर्षं एक ओळ लिहिली नाही. आता कुणाला न सांगता लिहिते, दुपारचे दोन तास घर निजलं की. त्या दोन तासांच्या जिवावर उरलेले बावीस काढते. ते तिच्याकडून कुणी घेऊ नये एवढंच तिचं म्हणणं आहे. नवरा वाईट नाही ग. मारत नाही, पीत नाही. पण त्याने पुन्हा एकदा ते वाचून हसलेलं तिला सोसायचं नाही.

आणि तुझा तो नित्यप्रवासी तिला अजिबात आवडत नाही. ती म्हणते, जगाच्या पाठीवर कुठेही जाऊन लिहिलं तरी चूक काढणारा एक माणूस तिच्या वाट्याला येतोच.

शेजारच्या सोनालीच्या बाळाच्या बारशाला येणार होतीस, त्याचं काय झालं?

मावशी


जुळे सोलापूर
६ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी माझ्या प्रिंटांची चळत घेऊन जमिनीवर बसले.

ब्लॉगवर प्रत्येक भागाखाली बारीक अक्षरात शेवटचा बदल केव्हा केला ते येतं. चौदाव्या भागात व्रण हलला ११ जानेवारीला, दुपारी दोन पन्नासला. माझं पत्र तुला मिळालं शनिवारी, म्हणजे ११ जानेवारीला, हे तूच लिहिलंस. पोस्टमन तुमच्याकडे बाराच्या सुमारास येतो, तिथून पुढच्या दोन-अडीच तासांत तू मैत्रिणीकडे गेलीस, तिला सांगितलंस आणि तिने बदललं, असं होऊ शकतं. पण दोन ते चार काका झोपतात तेव्हा घर तुझं असतं, हेही तूच लिहिलंस. आणि एकवीसच्या एकवीस भाग टाकल्याची वेळ दुपारी दोन ते चारच्या मधली आहे. एकही चुकलेला नाही.

मावशी, ती तूच आहेस.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू? मी खोलीचं दार लावून हसले आणि मग रडले. ज्या बाईवर मी शंभर पानं लिहिली ती माझी मावशी! जिच्या हातचं धपाटं खाऊन मी लहानाची मोठी झाले! मी धावतच सरांकडे गेले आणि लेखिका सापडली म्हणून सांगितलं. तेही खूश झाले.

आता हे लपवाछपवीचं पुरे कर. मी १६ तारखेच्या रविवारी नातेपुत्याला येते. काकांना मीच सांगते, तुला काही बोलावं लागणार नाही. त्यांना प्रकरण वाचून दाखवते. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती, आता विद्यापीठ तुझ्यावर लिहितंय म्हटल्यावर ते काय हसणार आहेत? एकदा त्यांना कळलं की खऱ्या नावानेच छापू. तयार राहा.

आणि गेले तीन गुरुवार नवा भाग का नाही? १६ जानेवारीला एकविसावा आला तो शेवटचा. लिही की!

तुझी लाडकी
उत्कर्षा


नातेपुते
१२ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा,

सोमवारी, १० तारखेला, बाराच्या सुमारास तुझं पत्र आलं. दुपारी मी ब्लॉग काढून टाकला. सगळे भाग गेले. कमेंट उघडून बघायचं माझ्याने झालं नाही, न बघताच काढलं. मोबाइलमधला कच्चा मजकूरही पुसला.

तुला सांगितलं होतं की ते दोन तास कुणी घेऊ नयेत. तू माझ्या प्रेमापोटीच ते घेतलेस, हे मला कळतं. पण गेले ते गेलेच.

तू सरांना सांगितलंस. रविवारी येऊन यांना सांगणार होतीस. मला एकदाही विचारलं नाहीस.

रविवारी येऊ नकोस. संमतिपत्र कोरं परत पाठवतेय.

मावशी


जुळे सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

मावशी,

माझं चुकलं. मी हे चार-पाच दिवस वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं आणि एवढंच खरं आहे. मी तुझी गोष्ट वाचली, तिच्यावर शंभर पानं लिहिली, आणि तुला काय हवंय ते मात्र वाचलं नाही.

सरांना मी नाव सांगितलेलं नव्हतं, फक्त 'सापडली' म्हटलं होतं. परवा त्यांना सांगितलं की लेखिकेची संमती नाही. ते म्हणाले, प्रिंटांवर तारखा आहेत, आडमार्गाने करता येईल काहीतरी. मी नको म्हटलं. शेवंतीवरचं प्रकरण मी प्रबंधातून काढलंय. जुळ्या भावांवर भागवते. मार्चअखेर नाही झालं तर सहा महिने मुदत वाढवून घेईन.

आईला मी काही सांगितलेलं नाही.

सोबत रजिस्टर पोस्टाने सगळ्या प्रिंट पाठवतेय. एकवीस भाग, दोनशे चौदा पानं. माझ्याकडे दुसरी प्रत ठेवलेली नाही. या जगात तुझ्या गोष्टीची आता एवढीच प्रत आहे आणि ती तुझ्याकडे असायला हवी. जाळायची तर तू जाळ. मी विचारणार नाही.

फक्त एक सांगायचंय. मी ब्लॉग शेवटचा पाहिला तो १० फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. म्हणजे तू काढण्याच्या तीन-चार तास आधी. एकविसाव्या भागाखाली नित्यप्रवासींची एक नवी कमेंट होती. आदल्या रात्री आलेली. तू ती पाहिलेली नाहीस. तिच्यात एकाही गाडीच्या वेळेची चूक काढलेली नाही. मी ती दोनदा वाचली. या वेळी मी त्यावर काहीही बोलणार नाही, कुणाला सांगणारही नाही. शेवटच्या पानावर आहे. तू वाच.

तुझी
उत्कर्षा


नातेपुते
३ मार्च २०२५

चि. उत्कर्षा,

पार्सल २५ तारखेला आलं. सही करून तुझ्या काकांनीच घेतलं. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "जड हाय. अभ्यासाचं दिसतंय." मग जेवले आणि दोन वाजता डोळ्यावर पंचा टाकून आडवे झाले.

मी कात्री आणली, दोरा कापला आणि सरळ शेवटचं पान काढलं. तुझ्या अक्षरात वर लिहिलेलं, 'पाहिल्याचा दिनांक १० फेब्रुवारी २०२५, स. ११.२०'. खाली ती कमेंट. तू वाचलीच आहेस, पण मला ती स्वतःच्या हाताने एकदा लिहायची आहे.

"तीन गुरुवार झाले, नवीन भाग नाही. लेखिकेस कळवणे की, दुपारी दोन ते चार पडून राहणारी सगळीच माणसं झोपलेली नसतात. मोबाइलवर लिहिताना टकटक आवाज येतो, तो पंच्याखालीही ऐकू येतो. गेले तीन आठवडे तो बंद आहे आणि त्याऐवजी तांदूळ निवडल्याचा आवाज येतो. एवढे तांदूळ घरात नाहीत. दुसरं असं की, १९९४ सालच्या मे महिन्यात लग्नाच्या गर्दीमुळे चार रविवार सव्वासातला म्हसवडची जादा गाडी सोडली होती. तो अंक वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरची जुनी नोंदवही उघडून पाहिलं. लेखिकेची चूक नव्हती. हे सांगायचं राहून गेलं."

पान मी हातातच ठेवलं. मग खुर्ची ओढून त्यांच्या कॉटपाशी नेली.

म्हटलं, "पंचा काढा की."

आतून आवाज आला, "चार वाजलं का?"

"न्हाय वाजलं."

तेव्हा त्यांनी पंचा काढला. डोळे लाल होते. झोपेचे नव्हते.

"गाडी व्हती का खरंच?" मी विचारलं.

"व्हती. चारी आयतवारी व्हती."

"मग तीस वर्षं सांगायला काय झालं हुतं तुमाला?"

उत्कर्षा, हा माणूस स्टँडवर माईक न घेता पुकारायचा, पलीकडच्या उसाच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायचं. आता मला कान पुढे न्यावा लागला. म्हणाले, "दुसऱ्या दिशी सांगनार हुतो. घरी आलो तर तू त्यो अंक ट्रंकंत तळाला घातलेला. म्हटलं, राग गेला की सांगू. मग तू पुन्यांदा लिवलंच न्हाईस. मग कशाच्या तोंडानं सांगू? लई जनांम्होरं हसलो हुतो मी."

मी म्हटलं, "आन ह्या कमेंट?"

"तुझा मोबाइल चार्जिंगला हुता, पयला भाग उघडा व्हता. वाचला. लई झ्याक व्हता. पर नुसतं झ्याक म्हनायला मला येत न्हाय. मला गाड्यांचं येतं, ते लिवलं."

मी रडले. तेही रडले, पण त्यांनी पंचा पुन्हा डोळ्यावर घेतला. रागही आला मला, ते लपवत नाही. तीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? ते मी त्यांना बोललेही, दोन दिवस बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं. भाजीवाली नऊला आली तरी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तुझ्यावरचा रागही गेला. अगदी सगळा गेला नाही, थोडा ठेवलाय, तू पुन्हा कुणाच्या आयुष्यात अशी धावत शिरलीस तर उपयोगी पडेल.

आता कामाचं. आम्ही गोष्ट पुन्हा ब्लॉगवर चढवतोय. मी सगळं पुसलं होतं, त्यामुळे तुझ्या प्रिंटा बघून नव्याने टाइप करावं लागतंय. दुपारी दोनला बसतो. ते चष्मा लावून मोठ्याने वाचतात, मी टाइप करते. रोज एक भाग होतो. काल पाचवा झाला. मध्ये कुठे थांबत नाहीत. तिसऱ्या भागात मात्र थांबले आणि म्हणाले, "नियंत्रक दोनदा पुकारतो." मी म्हटलं, माहीत आहे, केलंय दुरुस्त, पुढे वाचा.

पार्सल कोण ठेवतं ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझा अंदाज बरोबर होता एवढं तुला म्हणून सांगते. खरं तर मी सुरुवातीला अमृतच ठरवला होता. गेल्या आठवड्यात शेवट बदलला.

तुझा कोरा कागद मी परत पाठवला होता, म्हणून संमतिपत्र हाताने लिहून, सही करून पाठवतेय. प्रकरण परत घाल, मार्चअखेर जमेल तुला. नुसतं टोपणनाव नको. महानंदा हिंदुराव पिसाळ असं पूर्ण नाव लाव आणि पुढे शेवंती. काकांचं म्हणणं आहे की, त्यांच्या कमेंट छापायच्या तर त्यांचंही संमतिपत्र लागेल, नियम सगळ्यांना सारखा. त्यांना छापीलच हवा, कोरा कागद पाठव. त्यांचं नाव नित्यप्रवासीच राहू दे म्हणतात, गावात त्यांना लाज वाटते. राहू दे. लपून बसायची आता त्यांची पाळी.

आणि माझी एक अट आहे. तुझ्या संदर्भांच्या यादीत छापील लेखनही असेल ना? त्यात १९९४ सालची 'सव्वासातची म्हसवड' घाल. अंक ट्रंकेतून काढलाय, त्याची झेरॉक्स सोबत आहे. तिच्याखाली एक तळटीप दे. मजकूर मी आणि काकांनी बसून ठरवलाय, सरांनी त्यात बदल करायचा नाही:

'कथेतील रविवारी सकाळी सव्वासातला म्हसवडची जादा गाडी होती. आधार: स्टँडवरची नोंदवही. माहिती देणारे: हिंदुराव पिसाळ, निवृत्त वाहतूक नियंत्रक. सांगितल्याचा दिनांक: २५ फेब्रुवारी २०२५. बाई पायी गेली नाही.'

तुझी
मावशी